टॅबचा दर नेमका कुठं ठरतो?

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागून पीयूसीचे (अकरावी-बारावीचे) प्रवेश सुरू झाले, की बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणी, चिक्कोडी, खानापूरपर्यंत मोबाइलच्या दुकानांत एक प्रश्न हमखास येतो. पोराला क्लासचे व्हिडिओ बघायला, पीडीएफ वाचायला टॅब घ्यायचाय, कुठला घेऊ? दुकानदार काउंटरवर तीन टॅब मांडतो. तिन्हींचा पडदा साधारण अकरा इंचांचा. एक तेराच्या आसपास, दुसरा वीस, तिसरा पस्तीस हजारांचा. हातात घेऊन बघितलं तर मोठा फरक जाणवत नाही. मग बावीस हजार जास्त कशाचे? "ब्रँडचे पैसे," असं उत्तर मिळतं आणि विषय तिथंच मिटतो.

उत्तर चूक नाही, पण त्यानं काहीच कळत नाही. ज्या घरात हे पैसे उसाच्या बिलातून किंवा तंबाखूच्या पट्टीतून बाजूला काढावे लागतात, त्या घराला हा दर कसा बनतो ते कळलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख. गाभ्याची गोष्ट आधीच सांगतो: टॅबचा दर तो बनवायला किती खर्च आला यावर कमी ठरतो. कंपनी आपला नफा कुठून काढणार आहे आणि शेजारच्या कंपनीनं काय दर लावलाय, यावर जास्त ठरतो.

आधी आत काय असतं ते बघू. टॅबचे पडदे बीओई, सॅमसंग डिस्प्ले, एलजी डिस्प्ले अशा मोजक्या कारखान्यांतून येतात. अँड्रॉइड टॅबमधला प्रोसेसर बहुतेक वेळा मीडियाटेक, क्वालकॉम किंवा युनिसॉकचा असतो. मेमरी चिपचा बाजार मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन यांच्या हातात आहे. ॲपल आपली चिप स्वतः आखते, पण बनवून घेते तैवानच्या टीएसएमसीकडून. म्हणजे डब्यावरची नावं वेगळी असली तरी आतला बराचसा माल त्याच मोजक्या दारांतून आलेला असतो. अँड्रॉइड ही प्रणालीही सगळ्यांना सारखीच उपलब्ध.

आता आपल्या एपीएमसीत रताळ्याची आवक होते तेव्हा काय होतं ते आठवा. दहा गावांची रताळी एकाच दिवशी येतात, माल सारखा, घेणाऱ्यानं सगळे दर ऐकलेले. एकट्यानं चार रुपये जास्त मागितले तर त्याची पोती तिथंच राहतात. जोसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञाचं १८८३ सालचं प्रतिपादन नेमकं हेच होतं: माल अगदी सारखा असेल तर विकणारे दोघंच असले तरी ते एकमेकांच्या खाली दर आणत आणत शेवटी उत्पादनखर्चावर येऊन थांबतात. नफा जवळजवळ शून्य. टॅब बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला ही भीती असते. म्हणून प्रत्येकीचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी चाललेला असतो: आपला माल शेजारच्यासारखा वाटता कामा नये.

४९९ डॉलरचं युद्ध

ही चढाओढ उघड्या डोळ्यांनी बघायची असेल तर २०१० ते २०१२ ही वर्षं बघावीत. तेव्हा घडलेलं समजलं की आजच्या काउंटरवरचं निम्मं कोडं सुटतं.

२७ जानेवारी २०१० ला ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनं आयपॅड दाखवला. बाजारात चर्चा होती ९९९ डॉलरची. त्यानं आधी तोच आकडा पडद्यावर झळकवला आणि मग खाली आणला: ४९९. समोरच्याच्या मनात आधी मोठा आकडा रुजवायचा, म्हणजे खरा आकडा स्वस्त वाटतो. 'डब्यावर २७ हजार, तुम्हाला २१ मध्ये' ही आपल्याकडची बोलीही याच जातीची आहे. मात्र ४९९ हा आकडा नुसता दिखाऊ नव्हता, त्यानं प्रतिस्पर्ध्यांची कोंडी केली. आयसप्लाय या बाजार अभ्यासणाऱ्या कंपनीच्या अंदाजानुसार त्या पहिल्या आयपॅडच्या सुट्या भागांचा आणि जोडणीचा खर्च सुमारे २६० डॉलर होता. ॲपलजवळ स्वतःची दुकानं होती, स्वतःचं ॲप स्टोअर होतं आणि प्रचंड संख्येनं सुटे भाग एकदम उचलण्याची ताकद होती. बाकीच्यांना तेच भाग महाग पडायचे, शिवाय विक्रेत्याला वाटा द्यावा लागायचा. २०११ च्या सुरुवातीला मोटोरोलाचा झूम आला, तो मोबाइल कंपनीचा करार न करता घेतला तर ८०० डॉलरला. ॲपलपेक्षा महाग आणि त्यावर चालणारी ॲप्स थोडी. तो चालला नाही.

मग एचपी उतरली. १ जुलै २०११ ला त्यांचा टचपॅड ४९९ डॉलरला, म्हणजे ॲपलच्याच दरात बाजारात आला. सात आठवड्यांत कंपनीनं हात वर केले आणि उरलेला माल ९९ डॉलरला काढला. त्या दरात लोक तुटून पडले. यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. टचपॅड वस्तू म्हणून वाईट नव्हता, पण त्याच्यासाठी ॲप्स बनवणारे फारसे नव्हते. माणूस टॅब घेतो तेव्हा नुसती काच आणि बॅटरी घेत नाही, त्यावर काय काय चालणार आहे तेही विकत घेतो. ते नसेल तर बाजारात आघाडीवर असलेल्या कंपनीच्या बरोबरीचा दर हासुद्धा जास्तच ठरतो.

ब्लॅकबेरीची गतही अशीच झाली. त्यांचा प्लेबुक भारतात जून २०११ मध्ये २७,९९० रुपयांना आला. मूळ आयपॅड इथं त्याच वर्षी जानेवारीत २७,९०० ला आला होता, म्हणजे पुन्हा तीच बरोबरी. वर्ष संपता संपता प्लेबुकचा दर १३,४९० वर आला. पडून राहिलेल्या मालापोटी त्या कंपनीला हिशेबात ४८.५ कोटी डॉलरचा फटका लिहून टाकावा लागला. ज्यांनी जूनमध्ये पूर्ण दर मोजला त्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा. एकाएकी निम्म्या दरात मिळणारा टॅब नेहमी 'ऑफर' नसतो. कधी कधी कंपनी तो माल सोडून चाललेली असते आणि पुढं अपडेट, बॅटरी, चार्जिंगची पिन यांसाठी विचारायला कुणी उरत नाही.

खरी कलाटणी दिली ॲमेझॉननं. नोव्हेंबर २०११ मध्ये किंडल फायर १९९ डॉलरला आला. आयसप्लायचा अंदाज होता की तो बनवायलाच २०१.७० डॉलर लागतात. पुढच्या वर्षी ॲमेझॉनचा तेव्हाचा प्रमुख जेफ बेझोसनं उघड सांगितलं की आम्ही हे यंत्र जेवढ्याला पडतं तेवढ्यालाच विकतो, त्यात नफा नाही. मग पैसा कुठून? त्या पडद्यावर लोक जी पुस्तकं, सिनेमे आणि वस्तू विकत घेतील त्यातून. २०१२ मध्ये गूगलनं आसुसकडून बनवून घेतलेला नेक्सस ७ त्याच १९९ ला आणला. गूगलचा पैसा जाहिरातींत आणि प्ले स्टोअरमध्ये. या दोघांनी लहान टॅबचा दर इतका खाली ओढला की निव्वळ यंत्र विकून जगणाऱ्या कंपन्यांना श्वास घ्यायला जागा उरली नाही.

आणि ॲपलनं काय केलं? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयपॅड मिनी आणला, पण १९९ ला नव्हे, ३२९ ला. दराच्या मारामारीत न उतरता लहान पडदा द्यायचा, पण नफा राखायचा. लोकांनी तो घेतला. आघाडीवरच्या कंपनीला शेजाऱ्याचा दर गाठावा लागत नाही, फक्त अंतर फार वाढू द्यायचं नसतं.

आकाश

याच काळात आपल्या देशात एक वेगळा प्रयोग झाला. ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबचं लोकार्पण केलं. तो बनवला होता डेटाविंड कंपनीनं. विद्यार्थ्याच्या हातात अडीच हजारांच्या आत संगणक पडावा, ही त्यामागची कल्पना. मला ती आजही मोलाची वाटते. पण त्या दरात बसवायचं म्हणून पहिल्या आकाशला २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि बोटानं दाबावा लागणारा जुन्या धाटणीचा पडदा मिळाला. पान पुढं सरकवायलाही जोर लावावा लागायचा. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या सहभागानं आलेला आकाश-२ बराच सुधारलेला होता, तरी योजना पुढं विरून गेली. मात्र तिचा एक परिणाम उरला. स्वस्त टॅबला गिऱ्हाईक आहे हे बाजाराला कळलं आणि मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्या २०१२ मध्ये साडेसहा हजारांचे टॅब घेऊन उतरल्या.

टॅबचा दर एका मर्यादेखाली गेला की ती कपात वस्तूच्या कामातून वसूल होते. दहा हजारांच्या आतला टॅब घेताना आजही हे लक्षात ठेवावं. कमी रॅमचा टॅब नवा असताना ठीक चालतो, वर्षभरानं क्लासचं ॲप जड झालं की अडायला लागतो. मग पोरगं पुन्हा बापाचा मोबाइल मागतं.

पायऱ्यांची शिडी

आजच्या दुकानात येऊ. मार्च २०२५ मध्ये आलेला साधा आयपॅड भारतात १२८ जीबीला ३४,९०० आणि २५६ जीबीला ४४,९०० असा लागला. फरक फक्त साठवणुकीचा, मोजायचे दहा हजार. एवढ्या क्षमतेचं मेमरी कार्ड बाजारात याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतं, पण आयपॅडला कार्डाची खाचच नाही. ही पद्धत पहिल्या आयपॅडपासूनची आहे. तेव्हा १६ जीबी वाढवायला गिऱ्हाईक १०० डॉलर मोजायचं आणि कंपनीला त्याचा खर्च सुमारे ३० डॉलर पडतो, असा अंदाज होता. ज्याच्याकडं पैसे कमी आहेत त्याला पायथ्याशी आत घ्यायचं, ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून वरच्या पायरीवर जास्त काढायचे. सगळ्यांना एकच दर लावला असता तर एकतर खालचा गेला असता किंवा वरच्याकडून मिळणारे सोडावे लागले असते.

टॅबवर लिहायच्या पेन्सिलीचं गणितही बघण्यासारखं आहे. ॲपलची यूएसबी-सी पेन्सिल वेगळी घ्यावी लागते, दर ७,९००. सॅमसंगनं २०२० मध्ये गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट २७,९९९ ला आणला, तो एस पेन डब्यातच घालून. ज्या मुलाला गणिताच्या, भौतिकशास्त्राच्या वह्या टॅबवर लिहायच्या आहेत, त्याच्यासाठी तुलना ३४,९०० विरुद्ध २७,९९९ अशी होत नाही, ती ४२,८०० विरुद्ध २७,९९९ अशी होते. कव्हर आणि कीबोर्ड धरले तर दरी आणखी रुंदावते. दुकानात जाताना डब्याचा दर विचारू नका, 'माझ्या कामाला लागेल तेवढं सगळं मिळून किती' ते विचारा.

खालच्या पायऱ्यांवर मात्र खरी झोंबाझोंबी आहे. रिअलमी पॅड सप्टेंबर २०२१ मध्ये १३,९९९ पासून, ओप्पो पॅड एअर २०२२ मध्ये १६,९९९ पासून, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेडमी पॅड १४,९९९ पासून, वनप्लस पॅड गो २०२३ मध्ये १९,९९९ पासून, रेडमी पॅड एसई २०२४ मध्ये १२,९९९ पासून. हे आकडे एका ओळीत मांडले की एक ते तीन हजारांच्या अंतरानं पायऱ्या दिसतात. एकाच दरावर समोरासमोर आले तर बर्ट्रांडचं म्हणणं खरं होतं, म्हणून जो तो थोडं सरकून उभा राहतो: कुणी पडदा जरा बरा देतो, कुणी सिमकार्डाची सोय, कुणी मोठी बॅटरी. शाओमीनं तर २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं की यंत्रांवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांवर जाऊ देणार नाही. बाकीची कमाई सेवांतून आणि जाहिरातींतून. स्वस्त टॅबवर आधीच भरलेली ॲप्स आणि सारख्या येणाऱ्या सूचना दिसतात, त्या या हिशेबाचाच भाग आहेत. दर कमी लागला, कारण उरलेले पैसे तुमच्या नजरेतून येणार आहेत.

टिकाऊपणाचा दरही यातच धरायला हवा. २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२४ चं आयपॅडओएस १८ मिळालं. स्वस्त अँड्रॉइड टॅबांना इतकी वर्षं नवी आवृत्ती मिळणं दुर्मीळ. पीयूसी आणि पुढं इंजिनिअरिंग अशी सहा वर्षं टॅब वापरायचा असेल तर दर वर्षाचा खर्च काढून बघावा. नुसती दोन वर्षं नीट-सीईटीच्या तयारीसाठी हवा असेल तर मात्र पंधरा-वीस हजारांतला टॅब पुरेसा आहे, पस्तीस हजार घालवायचं कारण नाही. हे माझं स्पष्ट मत.

कर, आणि कोल्हापूरची वारी

आपल्या भागात एक समजूत पक्की आहे: कोल्हापूरला किंवा गोव्याला गेलं की इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वस्त पडते. जुलै २०१७ च्या आधी प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा होता, तेव्हा त्यात तथ्य असायचं. जीएसटी आल्यापासून टॅबवर देशभर १८ टक्केच. आज बेळगाव आणि कोल्हापूरच्या दरात फरक दिसला तर तो कराचा नसतो, दुकानदाराकडच्या स्कीमचा असतो.

आयातीच्या कराची बाजू फार थोड्यांना माहीत असते. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारामुळं संगणकांवर, आणि टॅब त्याच गटात येत असल्यानं टॅबवरही, मूळ आयात शुल्क शून्य आहे. तयार मोबाइलवर ते आधी २० टक्के होतं, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात १५ टक्के झालं. म्हणूनच बरेचसे फोन इथं जोडले जाऊ लागले, टॅब मात्र मोठ्या प्रमाणावर बाहेरून तयार येत राहिले. केंद्रानं ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉप-टॅबच्या आयातीवर परवान्याची अट घातली, दुसऱ्याच दिवशी मुदत पुढं ढकलली आणि नंतर सौम्य व्यवस्था आणली. शुल्क लावता येत नाही म्हणून परवान्याचा मार्ग आणि इथं बनवणाऱ्यांना प्रोत्साहन अनुदान, अशी ती खटपट आहे.

काउंटरवर

एकदा खडेबाजारातल्या एका दुकानात खानापूरकडचे एक गृहस्थ टॅब बघत होते.

"डब्यावर २६,९९९ छापलंय आणि तुम्ही साडेएकवीस सांगालाय. जुना माल हाय काय?"

"नाही ओ मामा, नवाच हाय. ते एमआरपी. आमचा रेट एमओपीनं चालतोय. त्याच्या खाली गेलो तर कंपनीचा माणूस येतोय विचारायला."

"मग मोबाइलवर वीस हजार नऊशे कसं दाखवालंय?"

"ते बँकेचं कार्ड धरून, मामा. तुमच्याकडं ते कार्ड हाय काय?"

मामांकडं नव्हतं. एमओपी म्हणजे बाजारात ज्या दरानं माल विकायचा असं कंपनी दुकानदाराला सांगते तो दर. डब्यावरची एमआरपी ही कंपनीनं छापलेली वरची मर्यादा, कायद्यानं तिच्यावर जाता येत नाही; प्रत्यक्ष व्यवहार एमओपीच्या आसपास होतो. दुकानदाराची मूळ मार्जिन काही टक्क्यांचीच असते. त्याची कमाई महिन्याचं टार्गेट गाठल्यावर मिळणाऱ्या स्कीममधून, कव्हर-ग्लासमधून आणि फायनान्स कंपनीच्या कमिशनमधून होते. महिनाअखेरीला टार्गेटला दोन-चार नग कमी पडत असतील तर तो हजार रुपये सोडायला तयार होतो. म्हणून घासाघीस करायची तर पाच तारखेपेक्षा अठ्ठावीस तारीख बरी.

दर कमी होऊ नयेत म्हणून विक्रेत्यांना बांधून ठेवणं स्पर्धेला मारक ठरलं, तर २००२ च्या स्पर्धा कायद्यानुसार ते तपासाचा विषय होऊ शकतं. परकी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारांनी विक्रीच्या दरावर प्रभाव टाकू नये, असा नियम केंद्रानं २०१६ मध्ये केला. जानेवारी २०२० मध्ये दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगानं ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशीही सुरू केली. मोठ्या सवलती आणि ठराविक विक्रेत्यांना झुकतं माप, ही तक्रार. लहान गावातल्या दुकानदाराचं दुखणं तेच आहे आणि ते खोटं नाही.

बिनव्याजी हप्त्यांचंही बघून घ्या. समजा २४,००० चा टॅब, सहा हप्ते, दरमहा ४,०००. बँक १५ टक्क्यांनी व्याज लावते, म्हणजे सहा महिन्यांचं सुमारे १,०१६ रुपये. तेवढीच सूट आधी देऊन कर्ज २२,९८४ चं दाखवतात, म्हणून बेरीज २४,००० च येते. पण क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, इथं १८३ रुपये, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. त्याहून मोठा प्रश्न: ती हजाराची सूट रोख घेणाऱ्याला मिळते का? विचारा. बऱ्याचदा मागितली तरच मिळते.

दर नेहमी खालीच येतात, हेही गृहीत धरू नका. कोविडच्या दोन वर्षांत शाळा-कॉलेजं ऑनलाइन गेली, टॅबची मागणी वाढली आणि चिपचा तुटवडा झाला, तेव्हा स्वस्त टॅब मिळेनासे झाले. २०२१ मध्ये कर्नाटक सरकारनं सरकारी पदवी, पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या सुमारे दीड लाख विद्यार्थ्यांना टॅब वाटले, ते याच काळात. २०२५ च्या उत्तरार्धात एआय सर्व्हरांच्या मागणीमुळं मेमरी चिपचे दर चढले. मेमरी महागली की पहिला दणका खालच्या पायरीवरच्या टॅबला बसतो, कारण तिथं दर सोसायला नफाच नसतो. दिवाळीपर्यंत थांबू, स्वस्त होईल, हा हिशेब दर वर्षी जमेलच असं नाही. नवं मॉडेल येऊन जुनं दुकानात उरलं असेल तर थांबण्यात फायदा आहे. दुकानदाराला कंपनीकडून 'प्राइस ड्रॉप'ची भरपाई मिळाली की तो दर लगेच खाली आणतो.

आणि उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, वर्कशॉप असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. धंद्यासाठी कोल्हापुरातून टॅब घेतलात तर बिलावर तुमचा कर्नाटकचा जीएसटी नंबर आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लागलाय का ते तिथंच तपासा. महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याच्या वाट्याचा जीएसटी) लागला तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, बेळगावात मिळत नाही, आणि दरात वाचलेले चारशे-पाचशे रुपये तिथंच जातात.